पाटावरचा पक्षी

"हात-पाय जाग्यार आसत मा?"

कारखान्यातून कुठलीही वस्तू बाहेर पडायच्या आधी मेस्त्री हे विचारायचे. विचारायचे म्हणजे त्या वस्तूलाच. उजव्या हाताचा अंगठा तिच्या कडेवरून सावकाश फिरवायचे, मान तिरकी करून बघायचे आणि मालवणीत हा प्रश्न टाकायचे, हात-पाय जागेवर आहेत ना. वस्तू काय, तर माणसाचं काळीज. प्लास्टरचं, मधोमध कापलेलं, तांबड्या-निळ्या रंगाचं, शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "मेस्त्री, काळजाला कुठले हो हात-पाय?"

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ज्याचे जे आसतत ते."

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्यात आमचा हा कारखाना होता. कारखाना म्हणायची पद्धत, नाहीतर चार टेबलं, प्लास्टरची पोती आणि साच्यांनी भरलेल्या फळ्या. शाळा-कॉलेजांसाठी कान, डोळा, दाढ, बेडूक असली मॉडेलं तिथे व्हायची. मालक आधी शाळेत विज्ञान शिकवायचे, मग नोकरी सोडून यात पडले. मी ड्रॉइंगचा डिप्लोमा करून लागले होते. मेस्त्रींचा बेडूक तयार झाला की त्याच्यावर बाण काढायचे आणि नावं लिहायची, हे माझं काम. अंधेरीहून सकाळी जायचं आणि संध्याकाळी डोक्यात पांढरी पूड घेऊन परत यायचं. आई म्हणायची, लग्नाआधीच म्हातारी होऊन येतेस रोज.

मेस्त्रींच्या तर भुवयाही पांढऱ्या असायच्या. ठेंगणा देह, पन्नाशी उलटलेली, अंगात बंडी, आणि सतत खोकला. तोंडाला फडकं बांधा म्हणून मी किती डोकं फोडलं. "फडक्यान वास कळणा नाय," म्हणायचे. ओल्या प्लास्टरचा वास बदलला की साचा उघडायची वेळ झाली, असं त्यांचं गणित. मालकांनी एकदा मास्क आणून दिला. तो त्यांनी खिळ्याला नीट टांगून ठेवला आणि मोठ्या माणसाच्या फोटोकडे बघावं तसं त्याच्याकडे अधूनमधून बघायचे.

तुम्हीही असा एखादा माणूस कामाच्या जागी बघितला असेल, ज्याच्या एका खोडीपुढे सगळे हात टेकतात. मेस्त्रींची खोडी म्हणजे मोडकी वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही. हाडांच्या सांगाड्यातल्या करंगळीचं एक पेर टिचलं म्हणून त्यांनी आख्खा सांगाडा अडवून धरला होता. टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर शिव्या देतोय, मालक घड्याळ बघतायत आणि मेस्त्री बसून पेर करतायत. "बेचाळीस पोरांच्या वर्गात करंगळी कोण बघणार हो?" मी म्हटलं. "मी बघितलंय मा?" एवढंच उत्तर.

मोडलेली वस्तू ते कचऱ्यातही टाकू द्यायचे नाहीत. गाळ्याच्या मागे पाण्याचं एक पिंप होतं, त्यात सोडायचे. त्या पिंपात काय काय होतं म्हणता! फुटकी यकृतं, अर्ध्या दाढा, तंगडी गेलेले बेडूक. मी म्हणायचे, मेस्त्री, प्लास्टर कसलं विरघळतंय, ती काय शाडूची माती आहे? ते म्हणायचे, नाय तर नाय, पाण्यात तरी आसत.

हे असं का, ते मला एका दुपारी डबा खाताना कळलं. मी सहज विचारलं आणि त्यांनी सहज सांगितलं. त्यांच्याकडे सगळंच सहज असायचं, म्हणून ऐकणाऱ्याला जास्त लागायचं.

गावाला त्यांची गणपतीची शाळा होती. आजोबांपासूनची. कोकणात गणपती करायच्या जागेला शाळाच म्हणतात. तिकडे आपल्यासारखं बाजारातून मूर्ती उचलून आणत नाहीत. श्रावणाच्या सुमारास प्रत्येक घर आपला लाकडी पाट शाळेत नेऊन देतं. त्या पाटावर त्या घरचा गणपती घडतो आणि चतुर्थीला त्याच पाटावरून डोक्यावर बसून घरी जातो. पाट दिला म्हणजे मेस्त्रीच्या हातावर विश्वास टाकला. बोलायचं काही नसतं त्यात.

एका वर्षी पाऊस उघडलाच नाही. माती सुकेना. एका घरचा गणपती बांधावरून नेताना त्याच्या हाताचा पंजा निखळून चिखलात पडला. मेस्त्री धावत गेले, पंजा बसवला, देवाची क्षमा मागितली. पूजा झाली, विसर्जन झालं. आणि दिवाळीच्या आधी त्या घरातला कर्ता मुलगा तापाने गेला.

"मग लोक भांडले का तुमच्याशी?" मी विचारलं.

"नाय गो. कोण काय्येक बोलूक नाय. दुसऱ्या वर्षाक शाळा सारवून ठेवलंय, माती मळलंय. पाटच इले नाय."

ते डब्याचं झाकण लावत होते. झाकण बसत नव्हतं, ते दोनदा काढून पुन्हा लावलं. आपला स्वतःच्या घरचा एकच पाट त्या वर्षी शाळेत होता, म्हणाले. त्यावरचा गणपती करून दिला आणि मुंबईला आले. शाळा आता धाकटा भाऊ चालवतो. त्याच्याकडे पाट येतात. मेस्त्री चतुर्थीला गावी जात नसत.

मी घरी येऊन हे आईला सांगितलं. माझी आई कणकवलीकडची. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, पण दीड दिवसाचा गणपती तिने सोडला नव्हता, बाजारातून आणायची. ती भाकरी थापत ऐकत होती. थापता थापता म्हणाली, "पावसात माती सुकूक नाय, तेका तो मेस्त्री काय करतलो?" आणि जेवण झाल्यावर मला स्टुलावर चढवून तिने माळ्यावरून फणसाचा जुना पाट काढायला लावला. तिच्या सासरचा, वडिलांनी मुंबईला आणलेला. काथ्याने घासला, पुसला. "ह्यो तेंका दी. म्हण, आमच्या घरचो गणपती तुमी करा."

शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं. दोन बायकांचं घर, कशाला विषाची परीक्षा घ्यायची, म्हणाल्या. आईने त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो पाट मी मेस्त्रींच्या टेबलावर ठेवला आणि आईचा निरोप सांगितला. त्यांनी पाटाला हात लावला नाही. उठून मोरीत गेले, हात धुतले, पुन्हा धुतले. परत येऊन पाटावर तळवा टेकला आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं खोकला आलाय. खोकला नव्हता. मी तोंड फिरवून बेडकाच्या फुप्फुसावर बाण काढायला लागले. त्या दिवशी त्यांनी चहाच्या कपालाही विचारलं, हात-पाय जाग्यार आसत मा.

कुठून तरी शाडू आणला. एका कोपऱ्यातली साच्यांची फळी हलवून जागा केली, पाट मांडला, मातीचा पहिला गोळा ठेवून त्याला हळद-कुंकू वाहिलं. मालकांनी नारळ फोडला. आणि त्याच आठवड्यात तो पक्षी आला.

एका कॉलेजातल्या प्राध्यापक बाई तो घेऊन आल्या. घेऊन म्हणजे, त्याचा मोठा फोटो. कोट्यवधी वर्षांपूर्वी दगडात दबलेला एक पक्षी, आता जगात कुठेच नसलेला. मान मागे मुरडलेली, बरगड्या विस्कटलेल्या, पंखाची हाडं एका बाजूला आणि दोन लांब पाय. पाय घोट्यापर्यंतच. पुढे दगड कोरा. बाईंच्या आणि आणखी बऱ्याच कॉलेजांच्या नव्या दालनांसाठी या दगडाच्या प्लास्टरच्या प्रती हव्या होत्या. मालक हरखून गेले. बेडूक आणि दाढांच्या पलीकडचं काम पहिल्यांदाच आलं होतं.

बाईंनी मला लेबलाचा मजकूर दिला. लांबलचक लॅटिन नाव आणि खाली, "गट: अनिश्चित". मी ते गिरवत होते तेव्हा मेस्त्री मागे येऊन उभे राहिले.

"अनिश्चित म्हंजे?"

"म्हणजे हा कोणाच्या घरातला ते ठरलेलं नाही. काही म्हणतात बदकांतला, काही म्हणतात करकोच्यांतला."

"म्हंजे वाळीत टाकलेलो."

"नाही हो मेस्त्री. उलट दोन्ही घरं भांडतायत, आमचा म्हणून."

हे काही त्यांना पटलं नाही. फोटोतल्या त्या तुटलेल्या पायांवरून त्यांचा अंगठा फिरत होता.

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. फोटो मेस्त्रींकडे, साचा मेस्त्रींचा. आम्ही कोणी पडताळून बघितलं नाही, इतक्या वर्षांत तशी वेळच आली नव्हती. साच्यातून निघालेली पहिली प्रत नमुना म्हणून फळीवर ठेवली, बाकीच्या सगळ्या, एक जादाची धरून, सुकवून, दगडी रंग देऊन भिंतीला ओळीने उभ्या केल्या आणि बाईंना बोलावलं. बाई ओळीतल्या पहिल्या पक्ष्यापुढे वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

प्रत्येक पक्ष्याला पंजे होते. तीन बोटं पुढे, एक मागे, बारीक नखं, सांध्यासांध्याला सुरकुती. मेस्त्रींच्या गावच्या घरामागे शेतात बगळे उतरायचे, त्यांचे पंजे.

"हे कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

"मी," मेस्त्री म्हणाले. "मोडको कसो देवचो?"

बाई चिडल्या नाहीत, हे मला सांगायलाच हवं. त्या म्हणाल्या, "फार सुंदर झालेत हो. पण हे पंजे जगात अजून कोणालाच मिळालेले नाहीत. बोटांमध्ये पडदा होता की नुसती नखं, हे कळलं तर हा कोणाच्या घरातला ते कळेल. तोच तर सगळा प्रश्न आहे. मुलं हे बघतील आणि खरं धरून चालतील."

"मगे आता भांडाण मिटला मा," मेस्त्री म्हणाले.

बाईंचं बरोबर होतं. आज इतक्या वर्षांनीही मला त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. एखादा वाईट माणूस मिळाला असता तर राग काढता आला असता.

उद्घाटनाच्या तारखा ठरल्या होत्या. नवा साचा करावा तर भर पावसाळा, तो सुकणार कधी. एकच मार्ग होता. पंजे फोडून काढायचे आणि ती जागा दगडासारखी भरायची. मेस्त्री म्हणाले, माझ्यान होवचा नाय. मालक म्हणाले, ठीक आहे, मी करतो. त्यांनी छिन्नी लावली, हातोडी मारली, आणि तडा घोट्यापासून निघून थेट पक्ष्याच्या छातीतून आरपार गेला. दगडाचे दोन तुकडे झाले. मालकांनी दुसरी प्रत पुढे ओढली. ही ऑर्डर गेली तर गाळ्याला कुलूप लागेल, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मेस्त्रींनाही.

ते उठले. मालकांच्या हातातून छिन्नी काढून घेतली. "हय द्या. तुमी सगळ्यांची वाट लावशात."

आधी त्यांनी कोपऱ्यातल्या पाटावरच्या मातीवर ओलं फडकं घातलं, पार खालपर्यंत, दिसू नये असं. मग जमिनीवर बसून एकेक पक्षी मांडीवर घेतला. डाव्या हाताने छाती दाबून धरायची, छिन्नी आडवी लावायची, एकच घाव. टक्. पंजा सुटा. दुसरा पंजा. टक्. एकाही दगडाला तडा गेला नाही. माझा ब्रश हातातच सुकला. मालक मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. शेवटचा पक्षी झाल्यावर मेस्त्रींनी सगळे पंजे ओंजळीने गोळा केले आणि पिंपात सोडले. मग मोरीत गेले. नळ किती तरी वेळ चालू होता.

त्यांनी त्या जागा भरल्या, रंग दिला. बाई बघून गेल्या, समाधानाने मान हलवून. टेम्पो आला. मेस्त्री दारात उभे होते, अंगठा कशावरही फिरला नाही. प्रश्न विचारला नाही. त्यानंतर कधीच नाही. कान झाले, डोळे झाले, सगळं तसंच निमूट बाहेर जाऊ लागलं.

रविवारी सकाळी ते आमच्या घरी आले. धुतलेला सदरा, काखेत पाट, पाटावर लाल फडक्याखाली झाकलेलं काहीतरी. आईला वाटलं मूर्ती आणली, ती घाईने पदर सावरत पुढे झाली.

"वैनी, पाट परत घेवा," ते दारातूनच म्हणाले. "माझ्यान होवचा नाय."

"कित्याक? काय झाला?"

"ह्या हातान पाय मोडलंय मी. त्याच हातान देवाचे पाय करू?"

मी आईला सगळं सांगितलेलं होतं. ती म्हणाली, "मेस्त्रीनू, तो प्लास्टरचो पक्षी. तेका जीव खय होतो?"

"माका कळता, वैनी. हातांका कळणा नाय."

आईने पदराला हात पुसले. मला राग आला होता. राग मेस्त्रींवर, त्या बांधावरच्या चिखलावर, न आलेल्या त्या सगळ्या पाटांवर. मी म्हटलं, "मेस्त्री, आम्ही काय परत मागितला का पाट?"

"नाय मागूक. म्हणानच घेवन इलंय. तुमका मागूक लागता नये."

त्यांनी पाट आईच्या हातात दिला आणि फडकं काढलं. पाटावर पक्षी होता. नमुना म्हणून फळीवर ठेवलेली ती पहिली प्रत. मालकांना ती तिथे आहे हे माहीत असणारच, ते काही बोलले नव्हते. मान मुरडलेली, बरगड्या विस्कटलेल्या, आणि खाली चारी बोटं पसरून टेकलेले दोन्ही पंजे.

"ह्यो मोडूच्या आदीचो," मेस्त्री म्हणाले. "रिकामो पाट परत देवचो नसता."

चहाही न घेता गेले.

चतुर्थीला आईने बाजारातून गणपती आणला आणि त्याच्यासाठी नवा पाटही आणला. जुन्या पाटावरचा पक्षी तिने हलवू दिला नाही. मेस्त्रींना निरोप पाठवला होता. येणार नाहीत असं वाटत असताना संध्याकाळी आले, उंबऱ्याबाहेरच थांबले. आत या म्हटलं तरी येईनात. तिथूनच मूर्तीकडे बघत राहिले. साच्यातली मूर्ती, रंग भडक, एक डोळा किंचित वर गेलेला. त्यांचा अंगठा सदऱ्याच्या शिवणीवर हलला, एवढंच मला दिसलं. आईने विचारलं, "बगा मेस्त्रीनू, हात-पाय जाग्यार आसत मा?"

त्यांनी मान हलवली. हात जोडले. प्रसाद रुमालात बांधून घेतला आणि जिना उतरताना खोकत खोकत गेले. तो खोकला खाली गल्लीतही ऐकू येत होता.

थंडीच्या दिवसांत ते कामावर यायचे बंद झाले. मेस्त्री राहायचे त्या गाववाल्यांच्या खोलीवर मालक गेले तेव्हा कळलं, सरकारी हॉस्पिटलात नेलंय. मी आणि मालक भेटायला गेलो. छातीत पूड साचलीय, डॉक्टर म्हणाले, जणू आम्हाला ती माहीत नव्हती. मेस्त्री डोळे मिटून होते. दोन्ही हात चादरीच्या आत घेतले होते. मी चादरीवरूनच हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला नाही. दोन दिवसांनी गेले. भाऊ गावाहून येईपर्यंत सगळं उरकलेलं होतं.

पुढे मालकांनी गाळा सोडला तेव्हा पिंप रिकामं केलं. मी तिथे होते. पाणी ओतून झाल्यावर तळाशी सगळं तसंच निघालं. यकृतं, दाढा, बेडूक, आणि सगळ्यांच्या वर ते पंजे, नखं न नखं शाबूत. काहीही विरघळलेलं नव्हतं. मालक म्हणाले, कचऱ्याची गाडी येईल. मी ते गोणपाटात भरले आणि रिक्षाने पवईला नेऊन तलावात सोडले. वेडेपणा होता, मला माहीत आहे.

त्या पक्ष्याचं कॉलेजांतून काय झालं ठाऊक नाही. तो बदकांतला ठरला की करकोच्यांतला, हेही मी कधी शोधायला गेले नाही. आमच्या अंधेरीच्या घरात एक आहे. फणसाच्या पाटावर, भिंतीला टेकून उभा. आई आता थकली आहे, पण रोज सकाळी त्याच्यावरून फडकं फिरवते आणि खाली पंजांशी आली की हात हलका करते. घरी येणारं प्रत्येक माणूस विचारतं, हा कुठला हो पक्षी?

आई सांगते, "मेस्त्रींचो."